आईला ‘आय’ ऐकू येतं तेव्हा: बर्लिनच्या किटात लेक रुळवताना

बर्लिनमध्ये मास्टर्स करताना आमची लेक 20 महिन्यांची असताना किटात जाऊ लागली. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013पासून, वर्षाचं झालेल्या प्रत्येक मुलाला सांभाळाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. पण खरं काम जागा मिळाल्यावर सुरू होतं. मूल रुळवण्याच्या काळाला इथे आइनगेव्योनुंग म्हणतात. त्यासाठी आई किंवा बाबा, दोघांपैकी एकजण दोन-तीन आठवडे पूर्ण मोकळा लागतो. विद्यार्थ्याने याची तारीख सेमिस्टरच्या तारखांआधी ठरवावी.

आधी कागदपत्रं. बर्लिनमध्ये युगेंडआम्टकडून, म्हणजे बालकल्याण कार्यालयाकडून, किटा-गुटशाइन म्हणजे किटाचं मंजुरीपत्र घ्यावं लागतं. अर्ज 9 महिने आधीपासून करता येतो, निदान 2 महिने आधी तरी द्यावाच. विद्यापीठाचं नोंदणीपत्र आणि वेळापत्रक सोबत जोडा, जाण्यायेण्याचा वेळही लिहा, कारण दिवसाला किती तास मंजूर होतात ते त्यावरून ठरतं. गुटशाइन हातात आलं म्हणजे जागा मिळाली, असा अनेकांचा समज होतो. तसं नाही. किटा आपणच शोधायची. विद्यार्थ्यांसाठीच्या सेवासंस्थेच्याही किटा आहेत, तिथे लवकर नाव घाला. ऑगस्टमध्ये मोठी मुलं शाळेत जातात, तेव्हा जागा रिकाम्या होतात. इथे किटाची फी नाही, फक्त दुपारच्या जेवणाचे पैसे महिन्याला द्यावे लागतात. काही ठिकाणी न्याहारीचे वगैरे वेगळे घेतात.

गोवराच्या लसीचा पुरावा 1 मार्च 2020पासून सक्तीचा आहे: वर्ष पूर्ण झालं असेल तर एक डोस, दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर दोन. भारतातल्या लसीकरण कार्डावर तो ‘एमआर’ असा लिहिलेला असतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून पिवळ्या लस-पुस्तिकेत त्याची नोंद करून घ्या. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून हे आधी उरका.

विंटर सेमिस्टरची लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. सप्टेंबरअखेर फेरपरीक्षा असल्या तर त्याआधी हे संपलेलं असावं. परीक्षा आणि आइनगेव्योनुंग एकाच आठवड्यात आले, की दोन्हीकडे घाई होते, आणि लेकराला ती लगेच कळते.

बहुतेक किटा बर्लिन पद्धतीने जातात. पहिले तीन दिवस रोज तासभर आपण मुलासोबत त्याच खोलीत बसायचं. कोपऱ्यात, जमिनीवर, शांत. मूल आलं तर जवळ घ्यायचं, पण स्वतःहून खेळायला न्यायचं नाही, ढकलायचंही नाही. फोन पिशवीत. चौथ्या दिवशी पहिला निरोप, तोही सोमवारी नाही, कारण शनिवार-रविवारच्या खंडानंतर मूल पुन्हा नवखं झालेलं असतं. म्हणून सुरुवात सोमवारी केली की गुरुवारी निरोप येतो, हे गणित चांगलं बसतं. आपण खोलीबाहेर जातो, इमारतीतच थांबतो. मूल ताईच्या, म्हणजे किटातल्या शिक्षिकेच्या, कुशीत शांत झालं तर अर्ध्या तासापर्यंत बाहेर राहायचं. नाही झालं तर दोन-तीन मिनिटांतच आत बोलावतात. अशा वेळी रुळायला जास्त दिवस लागणार, एवढाच त्याचा अर्थ. आपण नापास झालो असं समजू नका.

आपल्याकडे मुलाची नजर चुकवून सटकायची सवय असते. इथे ते मुळीच चालत नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं. मूल मागे वळून बघतं आणि आई नसते. दुसऱ्या दिवशी ते आपल्याला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. डोळ्यांत बघून ‘आई जाऊन येते’ म्हणायचं, एकदाच, आणि निघायचं. रडू येईल. ते येऊ द्यावं.

आता आमच्या उपयोगी पडलेली गोष्ट: शब्दांचा कागद. आपल्या लेकरांची भाषा मराठी आणि ताईंचे कान जर्मन. ‘आई’ हा शब्द त्यांना ‘आय’ ऐकू येतो, म्हणजे अंडं! शिवाय बाळांना गालावरून हात फिरवायला शिकवताना जर्मन लोक ‘आय, आय’ असंच म्हणतात. रडणारं मूल ‘आई’ म्हणतंय, त्याला गोंजारायला हवंय असं वाटू शकतं. ‘मामा’चं तर उलटच: जर्मनमध्ये मामा म्हणजे आई. व्हिडिओ कॉलवरचा मामा आठवून पोरगी बोलली, की ताई तिला ‘आई येते हं’ सांगणार.

म्हणून पंधरा शब्द पुरे: पाणी, दूध, भूक, नको, शी, सू, झोप, गोधडी, आई, बाबा, आजी, आजोबा, मामा, दुखतंय, बाहेर. पुढे जर्मन अर्थ. उच्चार रोमन अक्षरांत लिहिताना इंग्रजी धाटणी सोडा. जर्मन माणूस जे हे अक्षर ‘य’ वाचतो, झेड ‘त्स’ वाचतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला एसपुढे स्वर आला की ‘झ’. म्हणजे आपण साधेपणाने लिहिलेली ‘सू’ त्यांच्या तोंडी ‘झू’ होते. ‘शी’ला एससीएच लावा. आणि एकदा ताईंसमोर बसून प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून दाखवा.

सामान थोडंच: घरात घालायच्या चपला, कपड्यांचे दोन जोड, डायपर, पावसात आणि चिखलात घालायची रबरी विजार, आणि ओळखीचा वास असलेलं काहीतरी. आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा हातभर तुकडा आम्ही दिला, न धुता. प्रत्येक वस्तूवर नाव. जेवणाच्या फॉर्मवर डुक्कर आणि गोमांस नको असेल तर स्पष्ट लिहा. जिलेटीनचंही लिहा, कारण वाढदिवसाला वाटतात त्या चघळायच्या गोळ्यांत ते बहुतेक वेळा डुकराचं असतं.

दुपारची झोप शेवटी. मूल ताईंच्या हातून समजूत घालून घेऊ लागलं, की मगच.

पुढचा पहिला हिवाळा आजारपणाचा. सर्दीखोकला पाठोपाठ येतो, आणि उलटी-जुलाब थांबल्यावर 48 तास किटात घेत नाहीत. म्हणून दर आठवड्यात एक कामाचा दिवस रिकामा धरून अभ्यासाचं वेळापत्रक करा. परीक्षेच्या दिवशी मूल आजारी पडलं तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्या, आणि तो कुठे, किती दिवसांत द्यायचा ते परीक्षा विभागाला सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा. सेमिस्टरची रजा घ्यायचा विचार असेल, तर व्हिसा कार्यालयाला विचारल्याशिवाय अर्ज करू नका. निवासपरवाना शिक्षणाशी बांधलेला असतो. लेक्चरमध्ये फोन मूक ठेवला तरी किटाचा नंबर वाजू द्या.