पीओपीच्या वरचे नऊ इंच

कोणत्याही जुन्या इमारतीत शिरले की मी जिन्याच्या पायऱ्या मोजते. सहा इंच उंचीच्या एकोणीस पायऱ्या चढल्यावर पुढचा मजला आला, तर दोन मजल्यांमधले अंतर साडेनऊ फूट आहे हे टेप न काढताच कळते. २०२४ च्या सप्टेंबरात डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीत, चौथ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचे बँकेसाठी मूल्यांकन करायला मी गेले, तेव्हाही अशीच मोजत वर गेले होते, आणि त्या दिवशी पुढे जे घडले त्याची सुरुवात त्या मोजणीतच झाली.

घर घेणारे जोडपे तरुण होते. ती ठाण्यातल्या एका रुग्णालयात परिचारिका आणि तो मशीद बंदरला एका कुरिअर कचेरीत कामाला. दिवा स्थानकाजवळ भाड्याने राहून सकाळच्या भरलेल्या गाडीत शिरण्याची रोजची लढाई दोघांनाही नकोशी झाली होती, आणि डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये निदान उभे राहायला जागा मिळेल, हे त्यांच्या हिशेबातले फार मोठे कारण होते. घर तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचे ठरले होते, कारण त्यामुळे मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. विक्रेत्याने ४२ लाख सांगितले होते. तीस लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देत नाही, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्यात धरता येत नाही, त्यामुळे दोघांची सगळी शिल्लक आणि तिच्या आईच्या पाटल्या या व्यवहारात पणाला लागणार होत्या. हे तिनेच मला फोनवर सांगितले होते आणि त्या दिवशी रजा टाकून ती मुद्दाम हजर राहिली होती.

मी घराच्या दाराशी जाण्याआधी इमारतीभोवती आणि गल्लीत अर्धा तास घालवते. इथे मागच्या कुंपणाला लागून नाला होता. समोरचा रस्ता काँक्रीटचा झालेला होता आणि त्याची पातळी सोसायटीच्या अंगणापेक्षा जवळजवळ फूटभर वर गेली होती. रस्ता चांगला झाला म्हणून खरेदीदार खूश होतात, परंतु जुन्या इमारतीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की पूर्वी अंगणातून रस्त्यावर वाहून जाणारे पाणी आता रस्त्यावरून अंगणात येते. विजेचे मीटर छातीच्या उंचीच्या नव्या ओट्यावर चढवलेले होते आणि तळमजल्याच्या दोन घरांनी उंबऱ्यावर विटांचे दोन थर रचले होते. किराणा दुकानदाराला विचारले, तेव्हा त्यांनी गल्ल्यामागच्या भिंतीवर हात ठेवून २६ जुलै २००५ चे पाणी कुठपर्यंत आले होते ते दाखवले, आणि त्यानंतरही दुकानात दोनदा घोटाभर पाणी शिरल्याचे सांगितले. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या घरात हे पाणी येणार नाही हे खरे, परंतु इमारतीचे खांब त्याच चिखलात उभे असतात.

जिन्यालगतच्या एका खांबावर सळईच्या रेषेत उभी चीर होती. हातोडीने हलकेच वाजवून पाहिले, तर गिलाव्यामागून पोकळ आवाज आला. सोसायटीच्या सचिवांकडे भोगवटा प्रमाणपत्र होते, १९९४ चे. कन्व्हेयन्स झालेले नव्हते. सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत विकासकाने जमीन तिच्या नावावर करून द्यायची असते, पण इथे सातबाऱ्यावर अजून मूळ मालकांचीच नावे होती. अशा सोसायटीला २००८ च्या कायदादुरुस्तीनुसार डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे विकासक पुढे आला नाही तरी सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. तोही कोणी केलेला नव्हता. सचिवांनी अभिमानाने सांगितले की आमचा मेन्टेनन्स महिना फक्त ९०० रुपये आहे. जाहिरातीतही हे ठळकपणे लिहिलेले होते, आणि मला मात्र त्याचीच धास्ती वाटली. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीसाठी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी किमान पाऊण टक्का जमा व्हायला हवा. ९०० रुपयांत पाण्याचे बिल, जिन्यातले दिवे, पंप आणि सफाई कामगाराचा पगार एवढेच भागते. म्हणजे तीस वर्षांत या इमारतीने स्वतःसाठी काहीच राखून ठेवले नव्हते.

घर मात्र देखणे होते. विक्रेते काका भायखळ्याच्या एका छापखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांना आता मुलाकडे नाशिकला जायचे होते. नवा रंग, चकचकीत फरशी, छताला पीओपी, म्हणजे मूळ छताखाली टांगलेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे दुसरे छत, आणि त्यात बसवलेले गोल दिवे. चहा झाल्यावर मी टेप लावला. करारात बांधीव क्षेत्र ५२० चौरस फूट लिहिलेले होते, भिंतीपासून भिंतीपर्यंत प्रत्यक्षात ४०७ भरले. एवढा फरक त्या काळच्या करारांत नेहमीच आढळतो. मग उंची मोजली. साडेनऊ फुटांतून स्लॅब आणि गिलावा वजा केला तर आत सुमारे नऊ फूट मिळायला हवेत. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली होती, दारांचे तळ कापलेले त्यावरून दिसतच होते, म्हणून आणखी दोन इंच वजा. उंची भरली आठ फूट एक इंच. याचा अर्थ पीओपी मूळ छताच्या नऊ इंच खाली होते. दिवे बसवायला तीन-चार इंचांची जागा पुरते. एवढ्या लहान घरात डोक्यावरची नऊ इंच उंची कोणी हौसेने सोडत नाही.

मी काकांना विचारले, तेव्हा त्यांनी काहीही लपवले नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाच्या वेळी छताचे पोपडे पडत होते, पाहुण्यांसमोर बरे दिसेना, आणि ठेकेदाराने सांगितले की पीओपी केले की प्रश्नच मिटेल. त्यांनी तसे केले आणि प्रश्न मिटला असेच त्यांना वाटत होते. त्यांची परवानगी घेऊन मी मेन स्विच बंद केला, शयनखोलीतला एक गोल दिवा क्लिपा दाबून खाली घेतला आणि त्या चार इंचांच्या भोकातून मोबाइलचा दिवा लावून हात आत घातला. तीनशेसाठ अंशांत फिरवून चित्रण केले आणि खाली उतरून आम्ही चौघांनी ते एकत्र पाहिले.

स्लॅबच्या तळाचे काँक्रीट दोन-तीन हात रुंदीत सुटले होते आणि त्याचे बशीएवढे तुकडे पीओपीच्या पाठीवर येऊन पडलेले होते. वर सळया उघड्या होत्या. मुळात आठ मिलिमीटरच्या असाव्यात, पण खपल्या निघून काही ठिकाणी जाड तारेएवढ्याच उरल्या होत्या. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पलंगाकडे पाहिले, कारण पलंग बरोबर त्या जागेखाली होता.

गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा कारण समजायला वेळ लागला नाही. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दोन नळांपैकी एकाच्या तोंडाशी पिंपळाचे रोप वाढले होते, कोब्याला जागोजागी भेगा होत्या आणि टाकी भरून वाहण्याच्या जागी शेवाळ साठले होते. पाणी वर्षानुवर्षे मुरत राहिले की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आपल्याभोवतीचे काँक्रीट ढकलून पाडते. खाडीची रेती नीट न धुता वापरली गेली असेल तर तिच्यातल्या क्षारांनी हे काम आणखी लवकर होते. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरला दोन इमारतींत वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब आपल्यासोबत घेऊन गेला. त्या इमारतीही नव्वदच्या दशकातल्याच होत्या. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

माझा अहवाल बँकेकडे जातो, खरेदीदाराकडे नाही, आणि त्यात मी जे लिहायचे ते लिहिले. परंतु जिन्यात त्या मुलीने, "मॅडम, सरळ सांगा, घेऊ का?" असे विचारले, तेव्हा नियमावर बोट ठेवून गप्प बसणे मला शक्य नव्हते. मी नाही म्हटले. इसारापोटी दिलेले ५१ हजार काकांनी दुसऱ्याच दिवशी परत केले, हे मला नंतर कळले.

पंधरा दिवसांनी त्याच दोघांसाठी त्याच बँकेने मला दुसऱ्या घराकडे पाठवले. टिळकनगरच्या बाजूची तीन मजली इमारत, १९८६ ची, म्हणजे पहिलीपेक्षा आठ वर्षे जुनी. बाहेरचा रंग उडालेला, आत जुन्या मोझेक लाद्या, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा. नवऱ्याचा चेहरा पाहूनच कळत होते की हे घर त्याला आवडलेले नाही. पण इथे छत उघडे होते, आणि जिथे पूर्वी ओल आली होती तिथल्या दुरुस्तीचे ठिगळ कोणीही पाहू शकत होते. सचिवबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी दोन जाड फायली समोर ठेवल्या. डीम्ड कन्व्हेयन्सचा आदेश, सोसायटीचे नाव लागलेले मालमत्ता पत्रक, तिसाव्या वर्षापर्यंत दर पाच वर्षांनी आणि नंतर दर तीन वर्षांनी केलेले स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आणि सहा खांबांना केलेल्या जॅकेटिंगची, म्हणजे भोवती चढवलेल्या नव्या काँक्रीटच्या आवरणाची, बिले. शेवटच्या ऑडिटमध्ये खांबांतून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक नोंदलेला होता, आणि मानकाप्रमाणे ते काँक्रीट चांगल्या प्रतीचे ठरते. मेन्टेनन्स होता २,४०० रुपये.

त्या मुलीने सचिवबाईंना विचारले की औद्योगिक वसाहत इथून किती लांब आहे. २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या कारखान्यांत झालेल्या स्फोटांनंतर डोंबिवलीत घर पाहणारे हे विचारू लागले आहेत, आणि मला तो प्रश्न अगदी रास्त वाटतो. पाण्याची वेळ, टँकर किती वेळा येतो, रात्रपाळीहून परतताना गल्लीत दिवे असतात का, हेही तिने विचारून घेतले. मला वाटते, इमारत कशी पाहायची हे ती पहिल्या घरात शिकली होती.

अडचण वेगळीच निघाली. किंमत ३८ लाख आणि कर्ज ३० लाखांचे, परंतु इमारतीचे वय पाहून बँकेने वीसऐवजी पंधराच वर्षांची मुदत दिली. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २६ हजारांच्या आसपास बसतो आणि पंधरा वर्षांचा साडेएकोणतीस हजारांच्या. म्हणजे इमारत अधिक भक्कम असूनही महिन्याचा बोजा साडेतीन हजारांनी वाढला, वर मेन्टेनन्स. वय हे एकच मोजमाप धरून सगळ्या जुन्या इमारतींना एका रांगेत बसवणे मला पटत नाही आणि तसे मी अहवालाच्या शेवटी लिहिलेही, पण मुदत वाढली नाही. दोघांनी चार दिवस हिशेब केला आणि घर घेतले.

ऑक्टोबरच्या मध्यात पहिल्या घरातल्या काकांचा फोन आला. माझ्याविषयी त्यांच्या मनात राग असेल असे मी धरून चालले होते. त्यांनी विचारले, "मॅडम, हे दुरुस्त होतं का? आणि नाही झालं तर खालच्यांचं काय?" इमारतीला तीस वर्षे पुरी झाल्यामुळे महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे आता स्थैर्य प्रमाणपत्र देणे सोसायटीला बंधनकारकच होते; काकांनी स्वतः घरोघर फिरून ऑडिटसाठी संमती मिळवली होती.

एका रविवारी आम्ही स्लॅबला आणि खांबांना बारीक भोके पाडून त्यांवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले. निरोगी काँक्रीट त्याने जांभळट गुलाबी होते. दोन खांबांवर रंग चटकन उमटला. चौथ्या मजल्याच्या छतावर सळईच्या खोलीपर्यंत कुठेही उमटला नाही. वरचा मजला त्याच दिवशी रिकामा करावा असे मी समितीला लेखी दिले. काका-काकू सामान न हलवता शेजारच्या इमारतीत व्याह्यांकडे गेले, संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू आले आणि ते लावण्यासाठी आधी पीओपी उतरवावे लागले. त्याच्या पाठीवर साठलेल्या काँक्रीटने सिमेंटच्या चार गोण्या भरल्या.