हाताने बसणारा नट

ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला हिवाळ्यात वाळवंटभर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, उभ्या असतात. थंड राज्यांतून आलेली, बहुतेक निवृत्त माणसं. मी तिथे फिरून दुरुस्तीची कामं करतो. त्या दिवशी एका बाईंचा फोन आला: सिलिंडर भरलेला आहे, पण हीटर पेटत नाही.

बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, बोटं संधिवाताने वाकलेली. हीटरचं कारण लगेच सापडलं. व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडला होता. तसं झालं की नळी तुटली असं समजून जोडणीतली सुरक्षा झडप गॅस जवळजवळ अडवूनच धरते. बंद करून, जरा थांबून, सावकाश उघडला, हीटर लागला.

पण माझं लक्ष नळी सिलिंडरला जोडणाऱ्या नटाकडे गेलं. त्याचं प्लास्टिक पकडीने पार कुरतडलेलं. जुन्या पितळी जोडणीला उलटे आटे असत आणि पाना लागायचाच. आताचा हा मोठा नट मात्र हातानेच फिरवायचा असतो, आणि तो नीट बसल्याशिवाय गॅस सुटतही नाही. मग पकड कशाला? नळी आखूड होती. ती ताणली जायची, नट तिरका चढायचा आणि अडकायचा. बाईंना वाटत होतं, आपल्या बोटांतच जोर उरला नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसरी अडचण वजनाची. बाईंचे दोन्ही सिलिंडर 30 पौंडी, पण 30 पौंड हे नुसत्या गॅसचं वजन. टाकीसकट ते 25 किलोच्या आसपास जातं. शेजारी उचलून द्यायचे. "हे मला स्वतःला जमलं पाहिजे," बाई म्हणाल्या. मी 20 पौंडी सिलिंडर सुचवले. घेर तोच, त्यामुळे त्याच बैठकीत बसतात. उंची तेवढी कमी. भरलेला साधारण 17 किलो. भरायला जास्त वेळा जावं लागेल, हे त्यांना आधीच सांगितलं. त्यांची तयारी होती.

दोन सिलिंडरांच्या मधला, त्यांना आवळून धरणारा दांडा बदलून छोटा घातला, नळ्या लांब घेतल्या. मग मी बाजूला झालो. दोन्ही सिलिंडर त्यांनीच चढवले, नट हाताने फिरवले. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही.

शेजारचे गृहस्थ हे सगळं बघत उभे होते. त्यांच्याही नळ्या आखूडच निघाल्या.