मायचा झोका बँडवर बसवताना

माय कार्तिकात गेली. वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्या नावाची पहिली घागर भरायची होती. त्या दिवशी आपल्या बँडने तिच्यासाठी वाजवायचं, आणि तेही नवं, तिचंच, असं मी ठरवून टाकलं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात २० वर्षं मी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. ऐकलेलं गाणं वरातीसाठी बसवणं हातचं झालंय. कोऱ्या पानावर १४ जणांसाठी लिहिणं मात्र पहिल्यांदाच.

सुरुवातीला शिवरंजनी रागात लिहिलं, अगदी संथ, मिनिटाला ६० ठोके. वाजवलं तेव्हा पोरांचे डोळे भरले. मला मात्र त्यात माय सापडेना. कुणाच्याही दुःखाला चाललं असतं ते. शिवाय ओळी इतक्या लांबल्या होत्या की ट्रम्पेटवाला म्हणाला, "भाऊ, आठे सास कव्हय लेवाना?" म्हणजे, इथे श्वास कधी घ्यायचा?

आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि त्याच दिवसांत माहेरी आलेल्या लेकी निंबाला दोर बांधून झोके घेतात. माय झोक्यावर गायची. चाल ताईला पाठ होती, जेमतेम पाच सुरांची. पण तिने ओट्यावर बसून म्हटली की लय विस्कटायची. शेवटी त्याच निंबाला बारा फुटी दोर बांधला, ताईला बसवलं आणि म्हणायला लावलं. झोका जाऊन परत यायला जवळजवळ ४ सेकंद लागत होते. तेवढ्यात दादरा तालाच्या ६ मात्रा चपखल बसल्या. म्हणजे मिनिटाला ९०! झोका टोकाला जाऊन क्षणभर थबकतो, ताई नेमकी तिथेच श्वास घेत होती. माय तशीच घ्यायची. मी निंबाखालीच वही उघडली. ट्रम्पेटवाल्याला त्याचं उत्तर मिळालं होतं.

लिहिताना एक चूक झाली. सॅक्सोफोनला क्लॅरिनेटचाच कागद दिला. क्लॅरिनेटचा 'सा' पेटीच्या काळी ५ला वाजतो, आल्टो सॅक्सोफोनचा काळी २ला. दोघं मिळून कानाला भयंकर लागलं. सॅक्सोफोनसाठी सगळी ओळ पंचमाला 'सा' धरून पुन्हा लिहिली. लग्नसराई ऐन भरात, त्यामुळे सराव सुपारीवरून परतल्यावर, रात्री बारानंतर. एकानेही कुरकुर केली नाही, हे मी विसरणार नाही.

शेवट सगळ्यांत अवघड गेला. आमचा हात सवयीने लय सैल करत थांबतो. पण पाय न मारता सोडलेला झोका मी त्या दिवशी पाहत बसलो होतो: फेरी लहान होत जाते, वेळ जवळपास तेवढाच लागतो. म्हणून लय ९०लाच ठेवली आणि एकेक वाद्य कमी केलं. आधी ट्रम्पेट, मग सॅक्सोफोन, मग युफोनियम. साइड ड्रमच्या खालच्या तारा सोडून ठेवल्या, नुसता मऊ ठोका राहावा म्हणून.

आखाजीला सकाळी दहालाच ऊन असं की वाद्यं तापून सूर चढले. क्लॅरिनेटचा बॅरल, म्हणजे मुखाखालचा तुकडा, बाहेर ओढून जुळवून घेतलं. शेवटी मी आणि ड्रमवाला उरलो. मी थांबल्यावर त्याने आणखी दोन फेऱ्या वाजवल्या, तेवढ्याच लयीत. मग ताईने घागरीवर खरबूज ठेवलं.