लेणी यादी: मावळ पूर्ण, जुन्नर पुढे

ही यादी बौद्ध लेणी पाहण्यासाठी, त्यांचे फोटो घेण्यासाठी आणि शिलालेख वाचण्यासाठी आहे. स्थिती: मावळातली भाजे, बेडसे, कार्ले झाली. पुढचा गट जुन्नर, नाणेघाटासह. यादी अंतरावर न लावता लेण्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर लावली आहे. बेडसे पूर्वाभिमुख, भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख. नकाशावर तिन्ही जवळ दिसतात म्हणून सकाळी कार्ल्यापासून सुरुवात करणारे बहुतेकजण चैत्याचा (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचा) काळोख टिपून परततात. सकाळ बेडशाला, दुपार भाज्याला. कार्ल्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

बेडसे. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने. चैत्यगृहासमोरचा कातळ पूर्ण काढलेला नाही, मधल्या अरुंद बोळातून आत जायचं. त्यामुळे दर्शनी भागावर ऊन थोडाच वेळ पडतं आणि फोटोसाठी मागे सरकायला जागा नाही. फुल फ्रेमवर 16 ते 18 मिमीची लेन्स लागते. मोबाईलवर वाइड मोड वापरा, पण फोन वर तिरका करू नका, खांब एकमेकांवर कोसळल्यासारखे दिसतात. फोन सरळ उभा धरून डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन उभे फोटो घ्यावेत, निम्मा भाग एकावर एक येऊ द्यावा आणि घरी जोडावेत. खांबांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांचे स्वार आहेत. शेजारचा गजपृष्ठाकृती (हत्तीच्या पाठीसारख्या गोलाकार) छताचा विहार, म्हणजे भिक्षूंचं निवासस्थान, सोडू नका. विहाराला असा आराखडा क्वचितच मिळतो.

भाजे. मळवली स्थानकावरून चालत जाता येतं. चैत्याची दर्शनी लाकडी चौकट केव्हाच गेली, तिच्या खाचा दगडात दिसतात. तोंड असं सताड उघडं असल्याने दुपारनंतर उजेड थेट स्तूपापर्यंत पोचतो. छताच्या लाकडी फासळ्या मात्र टिकल्या आहेत. इथली नेहमीची चूक फोटो संपादनातली: खांब आत कललेले दिसले की लोक ते ‘सरळ’ करतात. ते मुळातच आत कललेले कोरले आहेत. लाकडी बांधकामात छताचा रेटा पेलायला खांब असे तिरके लावत, तीच ढब दगडात उतरली. सरळ रेषेसाठी स्तूपाचा मध्य धरा, खांब नको.

पुढे 14 स्तूपांचा समूह आहे, काहींवर थेरांची (ज्येष्ठ भिक्षूंची) नावं कोरली आहेत. दक्षिण टोकाच्या विहारातले रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र प्रसिद्ध आहेत, पण ही ओळख सर्वमान्य नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकून ठेवलेलं बरं. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा, धबधब्याची आणि लोहगडाची गर्दी याच रस्त्यावर येते.

कार्ले. एकवीरेची चैत्री यात्रा, नवरात्र आणि रविवार वगळून, दुपारी तीननंतर. 37 खांब: दोन्ही बाजूंना 15-15, स्तूपामागे 7. मागचे सात साधे अष्टकोनी आहेत, तिथे वेळ घालवू नका. खरा ऐवज शिलालेखांत आहे. ब्राह्मी नुकतीच शिकलेल्यांनी सिंहस्तंभापासून सुरुवात करावी: महारठी (ही पदवी) अग्निमित्रणकाच्या या दानलेखात ‘सिहथभो’ हा शब्द सहज लागतो. मग व्हरांड्यातला वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा (धनिक व्यापाऱ्याचा) लेख, आणि आत धेनुकाकट गावच्या यवन (ग्रीक म्हणवले जाणारे परदेशी) दात्यांचे.

लेख वाचायची रीत: समोरून उजेड टाकला की उथळ अक्षरं सपाट होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून 10 ते 15 अंशांत, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो, कॅमेरा न हलवता. उभ्या रेघा बाजूच्या उजेडात उठतात, आडव्या वरच्या. एकाच फोटोवर वाचलं की मात्रा हुकतात, किंवा दगडातली भेग मात्रा वाटते. खडू, पाणी, तेल लावायचं नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. तिच्याशिवाय कोपर गुडघ्यावर टेकवा आणि शटर 1/15 सेकंदापेक्षा हळू ठेवू नका.

जुन्नरची तयारी. लेण्याद्री दक्षिणाभिमुख, म्हणून डिसेंबर-जानेवारी: सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन आतपर्यंत जातं. क्र. 6 चैत्य, क्र. 7 म्हणजे गिरिजात्मजाचं देऊळ. आग्या मोहोळ असतात. अत्तर, धूर, टाळ्या वाजवून घुमतं का पाहणं, सगळं बंद. तुळजा लेण्यातला गोल चैत्य, 12 अष्टकोनी खांबांचा, यादीत वर घ्या. लेण्याद्रीच्या गर्दीतले फार थोडे तिकडे वळतात. मानमोडी डोंगरातल्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष 46 चा लेख आहे. जुन्या पुस्तकांतले आणि जागेवरचे लेणी क्रमांक जुळतीलच असं नाही, वहीत दोन्हींसाठी रकाने आखा. बिबट्याचा मुलूख आहे, अंधाराआधी खाली उतरायचं.

नाणेघाट शेवटी, वेगळ्या दिवशी. पावसाळ्यात धुक्यामुळे लेख वाचता येत नाही. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे आहेत, म्हणून ब्राह्मी अंकांचा तक्ता छापून न्या. मागच्या भिंतीवरचे सातवाहनांचे पुतळे गेले, वरची नावं उरली आहेत. त्यांचे फोटो डावीकडून क्रमाने घ्या, नाहीतर कुठलं नाव कुणाशेजारी होतं ते घरी कळत नाही.