पटावरचा चिखल

अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचे कोपरे नेलकटरने कापत बसलेल्या माणसाकडे घरचे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मला आता सवयीची झाली आहे. कोपऱ्यांवर राहिलेली पुठ्ठ्याची कुसे एकमेकांत अडकतात आणि चिमट्याने एक सोंगटी उचलायला जावे तर अख्खी ब्रिगेड शेजारच्या षटकोनात कलंडते, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. ऐतिहासिक युद्धखेळांचा हा नाद मला शाळेत असताना लागला आणि पुढे नुसते खेळून भागेना, म्हणून मी स्वतःच खेळ रचू लागलो.

या खेळांचा सांगाडा तसा साधा असतो. नकाशावर षटकोनांची जाळी असते, सोंगटीवर बळाचा आणि चालीचा आकडा असतो; हल्ला करणाऱ्याचे बळ बचाव करणाऱ्याच्या किती पट आहे ते काढायचे, फासा टाकायचा आणि कोष्टकात निकाल पाहायचा. चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन गृहस्थाने १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ हा खेळ विकायला काढला, तेव्हापासून अशी कोष्टके या छंदात रुळली. त्याच्या खेळांत चौकोनांच्या जागी षटकोन आले ते १९६१ मध्ये. चौकोनांच्या पटावर तिरके चालणारे सैन्य फुकटात जास्त अंतर कापते, षटकोनाचे सहाही शेजारी मात्र सारख्याच अंतरावर असतात.

खेळ रचताना बळाचे आकडे ठरवणे सोपे, अज्ञान ठरवणे महाकठीण. गेली काही वर्षे मी वॉटर्लूवर, म्हणजे नेपोलियन जिथे अखेरचा हरला त्या लढाईवर, अडकलो आहे. १७ जून १८१५ च्या रात्री पाऊस झाला आणि जमीन थोडी वाळावी म्हणून नेपोलियन दुसऱ्या दिवशी दुपार होत येईपर्यंत थांबला. हा चिखल मला पटावर आणता आला. दर तासाला एक फासा टाकला की काम झाले. घोडे अडले ते ग्रूशीपाशी. लिन्यीला हरलेल्या प्रशियनांच्या पाठलागावर नेपोलियनने मार्शल ग्रूशीला सुमारे तेहतीस हजार माणसे देऊन धाडले, आणि ऐन लढाईत ती माणसे हाताशी नव्हती. माझ्या पटावर फ्रेंच बाजू घेणारा कोणताही शहाणा माणूस ग्रूशीला जागचा हलू देत नाही, कारण प्रशियन रणांगणावर येणार आणि कुठून येणार हे त्याने पुस्तकात वाचलेले असते.

‘ग्रूशीला पाठवलेच पाहिजे’ असा नियम करून पाहिला. तेव्हा खेळगड्याने फासा खाली ठेवला आणि विचारले, “मग मी खेळतोय काय, नक्कल करतोय?” त्याचे म्हणणे खरे होते. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ च्या आपल्या युद्धखेळात यावर पंच बसवला होता. खेळाडूने हुकूम लिहून द्यायचे आणि पंचाने त्याला दिसण्याजोगे तेवढेच सैन्य नकाशावर मांडायचे. उपाय नामी आहे, पण मला दुसराच गडी मिळता मिळत नाही, तिथे तिसरा कुठून आणू?

शेवटी मी प्रशियनांच्या सोंगट्या पालथ्या ठेवल्या, त्यांत काही कोऱ्या मिसळल्या आणि त्या कोणत्या वाटेने येतील तेही चिठ्ठ्यांवर सोडले. त्या संध्याकाळी त्याच गड्याने बराच वेळ नकाशावर बोट फिरवले आणि मग आपण होऊन ग्रूशीची चळत उचलून पूर्वेला सरकवली. तीन चालींनंतर उजव्या बगलेवरची पालथी सोंगटी मी उलटली, तर ती प्रशियन सेनापती ब्यूलोच्या कोअरची (मोठ्या सैन्यदलाची) निघाली. तो काही बोलला नाही. त्याने फक्त ग्रूशीपासून रणांगणापर्यंतचे षटकोन मोजले, मग पुन्हा एकदा मोजले. मला इतका आनंद स्वतः जिंकतानाही कधी झाला नव्हता.

पुढच्या खेपेला त्याने ग्रूशीला अर्थातच हलवले नाही. नियमांची सातवी आवृत्ती मी आता लिहायला घेतली आहे.