पार्ल्याचं घर अजून का पाडलं नाही?

"घर डेव्हलपमेंटला का देत नाही?" नातेवाईक विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, बिल्डरची माणसं तर विचारतातच. विलेपार्ले पूर्वेला आमचं बैठं घर आहे. मंगलोरी कौलं, पुढे अंगण, मागे विहीर, कुंपणाला लागून आंबा आणि फणस. गल्लीतले बाकीचे बंगले एकेक करून गेले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

सगळ्यांना वाटतं, आम्ही आठवणींपायी अडून बसलोय. आठवणी आहेतच. बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ साली धावू लागली, त्यानंतर काही वर्षांनी आजोबांनी गिरगावातली खोली सोडली. पार्ले टिळक विद्यालय १९२१ पासून होतं, लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून. मुलांची शाळा आणि व्याख्यानं चालत जाण्याच्या अंतरावर, मग आणखी काय हवं, असं ते म्हणायचे. वारा पश्चिमेचा असला की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड, भाजका वास थेट माजघरात यायचा. २०१६ मध्ये कारखाना बंद झाला. तो वास मला अजून हवाहवासा वाटतो, पण त्यासाठी कुणी घर राखत नाही.

माझा जीव अडकलाय उघड्या मातीत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सांताक्रूझ म्हणजे आमचं शेजारचंच स्टेशन. हिशेब करून पाहा: एवढा पाऊस हजार चौरस फुटांवर पडला तर जवळजवळ ८८ हजार लिटर पाणी होतं. आमच्या अंगणात पडलेलं सगळं मुरलं असं मी म्हणणार नाही, आधीच्या पावसाने जमीन भिजलेलीच होती. पण जेवढं मुरलं तेवढं गटारात गेलं नाही. आता नव्या इमारतींच्या कंपाउंडभर काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असतात, खाली पार्किंग असतं. पडलेला थेंब न् थेंब रस्त्यावर येतो, आणि आमच्या गल्लीतलं गटार मात्र पूर्वीएवढंच अरुंद आहे.

त्या पुरानंतर वीज नव्हती, त्यामुळे इमारतींचे पंप बंद. आमच्या विहिरीचा कठडा उंच, रस्त्यावरचं पाणी आत शिरलं नव्हतं. रहाटावर दोर होता. समोरच्या इमारतीतली माणसं, ज्यांची नावंही आम्हाला धड माहीत नव्हती, बादल्या घेऊन आली. आई कठड्याशी उभी राहून पोहरा रिकामा करून देत होती आणि "हे प्यायला नको हं, वापरायलाच" असं प्रत्येकाला बजावत होती. शेजार म्हणतात तो मला त्या दिवशी कळला. ती विहीर कागदोपत्री आमची असेल, पण ती गल्लीची आहे.

ज्यांनी घरं दिली त्यांना मी मुळीच दोष देत नाही. गळकं छप्पर, जिना न चढवणारे गुडघे, वाटण्या मागणारी चार भावंडं, हे सगळं खरं आहे. नव्या इमारतीत लिफ्ट असते आणि म्हाताऱ्या माणसाला ती फार मोठी सोय आहे. आमचं घर बैठं आहे, आम्हा भावंडांचं एकमत आहे, आणि डागडुजीचा खर्च आम्हाला अजून झेपतो. ही तिन्ही कारणं टिकतील तोवर आम्ही सही करणार नाही. उद्या द्यावंच लागलं, तर मागची माती आणि विहीर तशीच ठेवायची, ही अट करारात आधी लिहून घेऊ.