काउंटरच्या पलीकडचा माणूस

बुधवार, रात्री उशिरा

आज हिचकॉकचा ‘सायको’ पुन्हा लावला. न्हाणीघरातला तो प्रसंग सुरू झाला तेव्हा मी खुशाल उठून दूध तापवायला गेले. तो आता इतका पाठ आहे की घाबरायला काही उरलेलंच नाही. या वेळी अडकले ती त्याच्या बऱ्याच आधी, किल्लीपाशी. चाळीस हजार डॉलर घेऊन फिनिक्सहून पळालेली मॅरियन भर पावसात बेट्स मोटेलवर पोचते, नोंदवहीत खोटं नाव लिहिते. मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनचा हात किल्ल्यांकडे जातो, जरा घुटमळतो आणि एक नंबरची किल्ली काढतो. ऑफिसला चिकटून असलेली खोली. बारा खोल्या, बाराही रिकाम्या, आणि हिला दिली ती नेमकी हीच! हिचकॉकने खून तिथेच करून टाकलाय असं मला वाटतं. पुढचा चाकू म्हणजे नुसती अंमलबजावणी.

मोटेलची रचनाच सिनेमावाल्यांसाठी केल्यासारखी असते. लॉबी नाही, लिफ्ट नाही, सामान उचलायला पोऱ्या नाही. खोलीचं दार थेट बाहेर उघडतं आणि दारासमोर आपली गाडी उभी. रात्री आलात, पैसे मोजलेत, पहाटे निघून गेलात तर कुणाच्या लक्षातही राहणार नाही. लपायचं असेल, पळायचं असेल, दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहायचं असेल, तर याहून सोयीची जागा कुठली? आपल्याकडे या कथा शिजणंच कठीण. हमरस्त्यावर आपली गाडी थांबते ती मिसळीसाठी, आणि मुक्कामाला कुठल्या तरी गावात मावशी असतेच. मावशीच्या घरी खोटं नाव सांगून कसं चालेल?

अमेरिकेतलं पहिलं मोटेल १९२५ सालचं, कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पोला. लोकांकडे मोटारी आल्या, रस्ते आले आणि रस्त्याकडेला ही बैठी खोल्यांची रांग आली. मग १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरच्या काळात महामार्गांचा कायदा झाला, एक्केचाळीस हजार मैलांचं नवं जाळं ठरलं, आणि जुन्या रस्त्यांवरची कितीतरी गावं बाजूला पडली. ‘सायको’ १९६० चा. हमरस्ता दुसरीकडे गेला, आता इकडे चुकलेलं माणूसच येतं, असं नॉर्मन सांगतो तेव्हा पहिल्या प्रेक्षकांना ते चांगलंच ओळखीचं वाटलं असणार. भुताटकीच्या वाड्यासाठी शंभर वर्षं थांबावं लागतं; इथे रस्ता चार मैल सरकला की काम झालं.

शुक्रवार

परवापासून डोक्यात तो काउंटरवरचा माणूसच आहे. बहुतेक सिनेमांत तो किल्ली देतो आणि पडद्यावरून जातो. ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मध्ये हाती लागलेले पैसे घेऊन पळणारा मॉस मोटेलच्या खोलीत पैशांची बॅग वातानुकूलनाच्या नळीत ढकलतो आणि नंतर मागच्या बाजूची दुसरी खोली घेऊन ती पलीकडून ओढून काढतो. काय डोकं आहे! आपण त्याच्याबरोबर श्वास रोखून बसतो. पण एकाच माणसाला दोन खोल्या देताना काउंटरवरच्या बाईच्या मनात काय आलं असेल, ते विचारायला कुणाला वेळ नाही.

‘मेमेंटो’मधला काउंटरवरचा बर्ट मात्र मला फार आवडतो. लेनर्डला काही लक्षात राहत नाही हे कळल्यावर त्याने त्याला दोन खोल्यांचं भाडं लावलंय. धंदा थंड आहे, साहेबाने सांगितलं, म्हणून. आणि हे तो लेनर्डलाच तोंडावर सांगून टाकतो, कारण हा पुन्हा विसरणारच! एवढा प्रामाणिक लबाड दुसरा पाहिला नाही.

‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ (२०१७) मात्र काउंटरच्या आत शिरतो. डिस्नेवर्ल्डच्या अगदी जवळचं जांभळं मोटेल, आणि त्यात प्रवासी नव्हे तर घर परवडत नाही म्हणून आठवड्याच्या भाड्यावर दिवस काढणारे लोक. कायमचे रहिवासी ठरू नयेत म्हणून त्यांना मधूनच एका रात्रीपुरती खोली रिकामी करावी लागते. विलेम डफोचा बॉबी, म्हणजे तिथला मॅनेजर, भाडं मागतो, भिंती रंगवतो, पोरांवर ओरडतो, आणि पोरांच्या आसपास घुटमळणाऱ्या एका म्हाताऱ्याला असा हुसकावतो की मी घरात बसून टाळी वाजवली. नॉर्मनही पाहुण्यांवर नजर ठेवतो आणि बॉबीही. सगळा फरक नजरेत.

रविवार, दुपार

जेवण झाल्यावर ‘मिसिसिपी मसाला’. मीरा नायरचा, १९९१ चा. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ साली युगांडातून हाकललेलं भारतीय कुटुंब मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला नातेवाइकांच्या मोटेलमध्ये येऊन राहिलंय. आई म्हणजे आपली शर्मिला टागोर. मुलगी मीना तिथल्या खोल्यांची साफसफाई करते. तिकडे आज निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांची, त्यातही गुजराती पटेल पुष्कळ; तरी हॉलिवूडच्या काउंटरमागे ते कुटुंब क्वचितच दिसतं. काउंटरच्या मागच्या खोलीत कुणाचं तरी घर आहे, तिथे फोडणी पडतेय, पोरं अभ्यास करतायत, रात्री दोनला घंटी वाजली की कुणीतरी उठतंय, हे दाखवायला नायरबाई याव्या लागल्या.

आणि काय गंमत बघा. मीना आणि तिचा प्रियकर डेमेट्रियस दोघंच बिलॉक्सीला जातात, खोली घेतात. हॉलिवूडच्या रीतीप्रमाणे आता त्यांना कुणी ओळखायला नको. पण तिच्या घरच्यांच्या ओळखीची मंडळी तिथेच धडकतात! मारामारी, पोलीस, कोठडी, आणि बातमी सगळ्या गोतावळ्यात. मॅरियनने खोटं नाव लिहिलं आणि निदान काही तास तरी ते खपलं. मीनाला तेवढीही सवड नाही, कारण अख्ख्या मिसिसिपीत तिच्या मावश्या पसरल्या आहेत.

उद्या वहिनीला हा पाहायला सांगते. ती म्हणेल, त्यात डेंझेल वॉशिंग्टन आहे हे आधी सांगायचं ना!